पहारा बदलायला कुणी आलंच नाही

या वेळचं पत्र एका निवृत्त हवालदारांचं आहे. नाव आणि गाव काढलंय, थोडं आटोपशीर केलंय, शब्द मात्र त्यांचेच.

«ताई, रामराम. मी मराठा लाइट इन्फन्ट्रीचा. १९८५ ला भरती, ट्रेनिंग बेळगावला. जानेवारी १९८८ ला श्रीलंकेत गेलो, मार्च १९९० ला परत आलो. २००७ ला हवालदार म्हणून पेन्शन आलो आणि पंधरा दिवसांत एका साखर कारखान्याच्या गेटवर लागलो. सोळा वर्षं रात्रपाळीच केली, मागून घेतली होती. आता गुडघं गेलं म्हणून सोडली. मुलानं कोल्हापुरात कळंब्याला फ्लॅट घेतलाय, आम्ही दोघं गडहिंग्लजकडचं गाव सोडून तिथंच असतो. मुलगा, सून म्हणतात, बाबा आता फक्त आराम करा. ताई, मला आराम जमंना झालाय. दहाला पडतो. दोन पेग घेतले तर डोळा लागतो, पण अडीचला टक्क जाग. दाराची कडी तीन-तीनदा बघतो. चारला उठून एकटाच कळंबा तलावाच्या कडेनं फिरतो. तिकडची स्वप्नं पडायला लागलीत, इतकी वर्षं कधी पडली नव्हती. मागच्या महिन्यात मिसेसनं चहाला उठवायला खांद्याला हात लावला आणि मी झोपेतच तिचं मनगट धरून पिळलं. दोन दिवस सूज होती. आता ती नातीला घेऊन दुसऱ्या खोलीत झोपते. ती म्हणते जोतिबाला जाऊन येऊ, मुलगा म्हणतो डॉक्टरला दाखवू. एक गोष्ट आहे तिकडची, ती कुणाला सांगितली नाही, इथंही लिहीत नाही. आणि गंमत सांगतो, त्या सगळ्या काळात एकदाच पोटभर झोपलो. त्रिंकोमालीहून मद्रासला येताना जहाजाच्या डेकवर. नुसत्या लोखंडावर. दोघातिघांनी हलवलं तरी उठलो नाही म्हणे. तशी झोप पुन्हा आली नाही. मी येडा होत चाललोय का? लढाईला पस्तीस वर्षं होऊन गेली, मग आत्ताच का?»

हवालदारसाहेब, रामराम.

आपल्याकडे फौजेतल्या माणसाला हुद्दा कुठलाही असो, गाव ‘मेजर’च म्हणतं. मी तुम्हाला हवालदारच म्हणेन, तो हुद्दा तुम्ही कमावलेला आहे.

वेडाचं आधी संपवते. तुम्ही वेडे होत नाही आहात. ‘आत्ताच का’ हा प्रश्न तुम्ही अगदी शेवटी, जाता जाता टाकलाय, पण पत्र त्याच्यासाठीच लिहिलंय असं मला वाटतं.

तुमच्याच तारखा घेऊ. १९९० ला सुट्टीवर गावी आलात, सुट्टी संपली, पलटणीत हजर झालात. पुढचं पोस्टिंग, त्याच्या पुढचं पोस्टिंग. पहाटे पीटी आणि संध्याकाळी रोल कॉल असलेल्या माणसाला मागं वळून बघायला सवड नसते, आणि फौजेला ते चालतही नाही. मग कारखाना. रात्रपाळी तुम्ही मागून घेतलीत, या एका वाक्यावर मी बराच वेळ थांबले. तुम्हाला वाटत असेल ती पगारासाठी किंवा दिवसा शेताकडं बघता यावं म्हणून घेतली. असेलही. पण हंगामातला कारखाना रात्री कसा असतो ते आठवा. दिव्यांचा लखलखाट, उसाच्या ट्रॅक्टरांची रांग, मळीचा वास, सगळं रात्रभर दणाणतंय. अशा जागी हातात टॉर्च आणि गळ्यात शिट्टी घेऊन जागं राहायचे तुम्हाला पैसे मिळत होते. जो माणूस रात्री झोपू शकत नव्हता, त्यानं रात्री न झोपण्याची नोकरी शोधली. हुशारीच म्हणायची. तुम्ही स्वतःवर केलेला तो इलाज होता आणि तो सोळा वर्षं लागू पडला. गुडघ्यांनी तो काढून घेतला आणि त्या जागी सोफा ठेवला.

हे तुमच्या एकट्याचं नाही. उतारवयात, नोकरी सुटली की, जुन्या सैनिकांना पन्नास-पन्नास वर्षांपूर्वीच्या लढाया परत दिसू लागतात, हे डॉक्टरांनी अनेक देशांत पाहिलंय. कामाचं झाकण निघालं की खालचं वर येतं. त्यात सोबतीचा कुणी गेल्याची बातमी आली, घर बदललं, दुखणं आलं, की आणखी.

आता तुमच्या लढाईबद्दल, कारण हे सदर वाचणाऱ्या तरुण मंडळींना श्रीलंका म्हटलं की क्रिकेट आठवतं. तिथं सरकार आणि तमिळ बंडखोर यांच्यात १९८३ ला सुरू झालेलं यादवी युद्ध २००९ च्या मे महिन्यापर्यंत चाललं. २९ जुलै १९८७ ला राजीव गांधी आणि श्रीलंकेचे अध्यक्ष जयवर्धने यांनी कोलंबोत करार केला आणि आपली फौज ‘शांतिसेना’ म्हणून तिकडं गेली. काम होतं तमिळ बंडखोरांची शस्त्रं जमा करून घेण्याचं. त्याआधी जूनमध्येच भारतीय विमानांनी जाफन्यावर अन्न आणि औषधांची पाकिटं टाकली होती, त्यामुळं तिथल्या तमिळ लोकांनी सुरुवातीला आपल्या जवानांचं स्वागतच केलं. ऑक्टोबर उजाडेपर्यंत चित्र फिरलं आणि लिट्टे या बंडखोर संघटनेशी समोरासमोर लढाई जुंपली, तेच ‘ऑपरेशन पवन’. मुंबईत जन्मलेले, महार रेजिमेंटच्या आठव्या बटालियनचे मेजर रामस्वामी परमेश्वरन २५ नोव्हेंबर १९८७ ला तिथं पडले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. अडीच-पावणेतीन वर्षांत आपले बाराशेच्या आसपास जवान गेले. २४ मार्च १९९० ला शेवटची तुकडी त्रिंकोमालीहून निघाली. मद्रासच्या बंदरावर स्वागताला यायला तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनी, करुणानिधींनी, नकार दिला. जिंकलो म्हणावं तर तसं कुणी जाहीर केलं नाही. आपण निघून आल्यावर ते युद्ध आणखी एकोणीस वर्षं चाललं.

माझे वडील १९७१ ला पूर्वेकडं होते. ते आले तेव्हा गावाच्या वेशीवर हलगी वाजली, गुलाल पडला, बायकांनी ओवाळलं. ती गोष्ट ते शेवटपर्यंत सांगायचे. (तरी बूट उशाशी घेऊनच झोपायचे. आई म्हणायची, तुझ्या बापाचं अर्धं गाठोडं अजून तिकडंच राहिलंय.) तुमच्यासाठी हलगी वाजली का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. मला अंदाज आहे.

यादवी हा शब्द आपल्याकडं यादव आपसांत लढून संपले त्यावरून आला. दुसऱ्याच्या घरच्या यादवीत मधोमध जाऊन उभं राहायचं, आणि कुणाचं घर कुठल्या बाजूचं हे कुणी सांगणार नाही, हे काम सीमेवरच्या लढाईपेक्षा वेगळं. सीमेवर शत्रू समोर असतो, त्याच्या अंगावर वर्दी असते. तुमच्यासमोर सायकलवरून जाणारा पोरगा होता, नारळ विकणारी बाई होती, रस्त्याखालची मोरी होती. यातलं नव्वद टक्के खरंच पोरगं, बाई आणि मोरी होती. उरलेल्यातलं कुठलं काय निघेल याचा भरवसा नव्हता. सव्वादोन वर्षं तुमच्या शरीरानं एकच धडा गिरवला: सगळं शांत असेल तर जास्त सावध व्हायचं. आता कळंब्याच्या तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर रात्री अडीचला सगळं शांत असतं. तुमचं शरीर शिकवलेलं करतंय. ते बिघडलेलं नाही, जरा जास्तच इमानदार आहे.

अमेरिकेत १८६१ ते १८६५ असंच घरातलं युद्ध झालं. तिथं जेकब द कोस्टा नावाच्या डॉक्टरानं तीनशेहून जास्त सैनिक तपासले. छातीत धडधड, दम लागतो, झोप नाही. आणि हृदय तपासावं तर दोष सापडत नाही. त्यानं १८७१ ला त्यावर लिहिलं आणि लोक त्या दुखण्याला ‘सैनिकाचं काळीज’ म्हणू लागले. त्याला वाटलं फार चालून, ताप येऊन असं होतं. आज आपण पीटीएसडी, म्हणजे आघातानंतर मागं राहणारा मनाचा त्रास, म्हणतो ते नाव १९८० ला मानसोपचाराच्या पुस्तकात आलं. म्हणजे १९९० ला तुम्ही परत आलात तेव्हा नाव होतं, फक्त पलटणीच्या एमआय रूममध्ये, म्हणजे दवाखान्यात, ते कुणी उच्चारलं नसणार.

आता जहाजाकडं येते. तुमच्या पत्रातली सगळ्यात उपयोगाची ओळ तीच आहे आणि तुम्ही ती ‘गंमत’ म्हणून लिहिलीत.

उशी नाही, अंथरूण नाही, खाली लोखंड, इंजिनाचा आवाज, खारा वारा. आज तुमच्याकडं गादी आहे, पंखा आहे, सुनेनं घेतलेली मऊ चादर असेल. मग तिथं काय होतं जे इथं नाही? एक तर चारी बाजूंना तुमचीच माणसं पसरली होती, ज्यांना काही समजावून सांगावं लागत नव्हतं. आणि दुसरं, त्या रात्री पहारा तुमच्याकडं नव्हता. जहाज हाकणारे जागे होते. समुद्रावर नजर ठेवणं त्यांचं काम, तुमचं नव्हे. सव्वादोन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी तुमच्याकडून चार्ज घेतला होता.

संतरीचा नियम तुम्ही मला शिकवायचा: बदली आल्याशिवाय पोस्ट सोडायची नाही. कारखान्यात रोज सकाळी दिवसपाळीचा माणूस यायचा, रजिस्टरवर सही व्हायची, तुम्ही घरी जाऊन झोपायचात. दिवसा झोप लागत होती ना? लागणारच, रीतसर चार्ज दिलेला होता. फ्लॅटवर कुणीच येत नाही. रात्री दहाला तुम्ही गादीवर पडता, पण पोस्ट सुटलेली नसते.

मुलगा ‘आराम करा’ म्हणतो तेव्हा तो सिव्हिलमधला आराम सांगतो. तुम्ही कवायतीच्या मैदानावरचे. तिथं ‘विश्राम’ म्हणजे पाय बारा इंच अंतरावर, हात पाठीमागं, नजर समोर आणि कान पुढच्या हुकुमाकडं. ‘आराम से’ म्हटल्यावर अंग सैल सोडता येतं, पण जागा सोडता येत नाही. लाइन तोडायचा हुकूम वेगळाच असतो.

आपल्या जुन्या लोकांना हे कळत होतं. दसऱ्याला सीमोल्लंघन करून निघालेली फौज पावसाळ्याला परतायची, बरेच जण घरी पेरणीला जायचे, बाकीचे छावणीत. चिपळूणजवळच्या अशाच एका पावसाळी छावणीला शिवाजी महाराजांनी पाठवलेलं पत्र शाळेत अनेकांनी वाचलं असेल. ते जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना लिहिलेलं आहे, बघा, हवालदारांना. त्यात लढाईचं अक्षर नाही. दाणावैरण बेतानं वापरा, नाहीतर ऐन पावसात संपेल आणि घोडी मरतील. मग तुम्ही रयतेला त्रास द्याल आणि लोक म्हणतील यांच्यापेक्षा मोगल बरे. रात्री दिवे विझवा, उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताच्या गंजी जळतील. केवढा बारीक विचार! थकून आलेल्या फौजेला ‘जा, झोपा’ म्हणून सोडून दिलं तर ती स्वतःचं आणि आसपासच्यांचं नुकसान करते, हे त्या राजाला ठाऊक होतं. विसाव्याची तजवीज करावी लागते. तुमच्या विसाव्याची तजवीज कुणी केली नाही, तुमच्या घरच्यांनीही नाही, आणि त्यांना दोष देत नाही मी, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

मग करू या तजवीज.

एक शंभर पानी वही आणा. कारखान्यात होतं तसं रजिस्टर आखा: तारीख, वेळ, चार्ज कुणाकडं, सही. रात्री दहाला मुलगा किंवा वहिनी दार बंद करतील, कडी लावतील, गॅस बघतील आणि तुम्हाला तोंडानं सांगतील, ‘बंद केलं, चार्ज माझ्याकडं.’ तुम्ही लिहायचं, सही करायची. हसू नका. अडीचला जाग आली आणि कडीकडं जावंसं वाटलं तर कडीकडं नाही जायचं, रजिस्टर उघडायचं. तिथं लिहिलेलं असेल की आज रात्री पोस्ट तुमची नाही. पहिले आठ-दहा दिवस तरीही उठून कडी बघालच. बघा. पण आधी रजिस्टर.

पडून पडून अर्धा तास झाला आणि झोप नाही, तर गादी सोडा. हॉलमध्ये बारीक दिव्यात बसा, मोबाइल आणि बातम्या नकोत. डोळे जड झाले की परत. सकाळी उठायची वेळ मात्र एकच, झोप झालेली असो वा नसो. दुपारी तीनच्या आत अर्धा तास डुलकी, जास्त नाही. शांततेत कान आवाज शोधत असतील तर पंखा मोठा ठेवा, त्या घरघरीचा तुम्हाला जहाजासारखाच उपयोग होईल. पहाटे चारला कळंबा तलावाच्या कडेला एकट्यानं फिरणं म्हणजे गस्तच झाली. साडेपाचला रंकाळ्यावर जा. तिथं त्या वेळेला माणसं असतात, पळणारी, प्राणायाम करणारी, उगाच मोठ्यानं हसणारी. तुम्हाला तिथं पहारा द्यावा असं काही नाही.

त्या दोन पेगबद्दल. दारूनं डोळा लवकर लागतो आणि उत्तररात्रीची झोप मोडते, स्वप्नंही वाढतात. तुमचं अडीचचं घड्याळ बरंचसं त्या ग्लासातलं आहे. कॅन्टीनचा कोटा आहे म्हणून तो संपवलाच पाहिजे असा हुकूम नाही. मात्र रोजची आणि जुनी सवय असेल तर एकदम बंद करू नका, डॉक्टरांना विचारून कमी करा. एकदम सोडल्यानं काहींना जोराचा त्रास होतो.

वहिनींसाठी: झोपलेल्या हवालदारांना हात लावून उठवायचं नाही. पायथ्याच्या बाजूला, हातभर लांब उभं राहून नावानं हाक मारायची. नावानंच, ‘अहो’ नको. घरात नाव घ्यायची पद्धत नसेल तर फौजेत त्यांना ज्या नावानं हाक मारायचे ते विचारून घ्या. जाग आली की ‘कळंब्याला आहोत, सकाळ झाली’ एवढं सांगायचं. आणि दुसऱ्या खोलीत झोपताय त्यात चुकीचं काही नाही, सध्या तसंच राहू द्या. हवालदारसाहेब, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. मनगटाबद्दल त्यांना एकदा सरळ ‘चुकलं’ म्हणालात का? पत्रात सूज आहे, ते नाही.

एक विचारते, रागावू नका. गेटवरच्या नोकरीला बऱ्याच जणांकडं स्वतःच्या लायसन्सची बारा बोअर बंदूक असते. तुमच्याकडं असली तर सध्या ती घरात नको. पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडं रीतसर जमा करता येते, पावती मिळते, लायसन्स राहतं. घरात नात आहे आणि तुम्ही अर्धवट झोपेत कुठं असता ते तुम्हालाच माहीत नसतं. आणि ‘आता कशाला जगायचं’ असा विचार कधी येऊन गेला असेल, तर हे सदर बाजूला ठेवा आणि आजच मुलाला सांगा.

डॉक्टरांचं. मुलाचं ऐका, वहिनींचंही ऐका. जोतिबाला जरूर जा, माघातले खेटे, म्हणजे देवाच्या वाऱ्या, चालत करणारी माणसं मी बघितलीत, दमून झोपतात बिचारी. (तुमचे गुडघे बघता गाडीनं गेलात तरी देव रागावणार नाही.) पण जोतिबा हा डॉक्टरांच्या ऐवजी नको. तुमचं ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं, कार्ड असेलच. कोल्हापूरच्या पॉलिक्लिनिकमध्ये जाऊन मानसोपचारतज्ज्ञाकडं पाठवायला सांगा. नाहीतर सीपीआर या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. ‘झोप नाही’ एवढ्यावर थांबू नका, नाहीतर झोपेच्या गोळ्या घेऊन परत याल. श्रीलंका सांगा, स्वप्नं सांगा, मनगट सांगा. घोरता का, तेही वहिनींकडून विचारून जा. साठीच्या आसपास झोपेत हातपाय झाडण्याला कधीकधी मेंदूचं निराळंच कारण असतं, ते एकदा तपासून बाजूला काढलेलं बरं. या दुखण्यावर बोलण्याचे उपचार आहेत आणि ते वीस-तीस वर्षांनंतरही लागू पडतात. लागली तर औषधंही आहेत.

पेन्शनची काळजी असेल, ती बहुतेक फौजींना असते. निवृत्त माणसानं मानसोपचार घेतले म्हणून पेन्शन थांबत नाही. आणि तेवढ्या लांब जायचं धाडस होत नसेल तर १४४१६ ला फोन लावा. टेलिमानस म्हणतात, सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास आणि मराठीत. फौजींसाठी तर १ डिसेंबर २०२३ पासून पुण्याच्या एएफएमसीमध्ये, म्हणजे फौजेच्या वैद्यकीय महाविद्यालयात, त्याचा वेगळा कक्ष आहे. अडीचला जाग आल्यावर करण्यासारखं हे एक बरं काम आहे.

मुलाला आणि सुनेला दोन ओळी. तुम्ही प्रेमानंच म्हणता, पण ‘बाबा आराम करा’ हे बंद करा. त्यांना काम द्या, फक्त रात्रीचं नको. कोल्हापुरात अग्निवीर भरतीची तयारी करणारी शेकडो पोरं पहाटे मैदानांवर धावत असतात, आणि त्यातल्या अर्ध्या पोरांचं धावणं चुकीचं असतं. त्यांना शिकवायला हवालदार लागतो. झोप जरा सुधारली की बघा. नातीला शाळेत सोडणं-आणणं तर उद्यापासून होईल. तिथं शाळेच्या दारात बाई चार्ज घेतात. दिवाळीत फटाक्यांचं आधी सांगून ठेवत जा, अचानक गॅलरीत सुतळी बॉम्ब नको. गणपतीच्या मिरवणुकीला त्यांना ओढून नेऊ नका, यायचं असेल तर येतील.

आता ती गोष्ट, जी तुम्ही इथं लिहिली नाही.

बरं केलंत. हे सदर त्याची जागा नाही, आणि ती काय असेल याचा अंदाजही मी करणार नाही. एवढंच सांगते की काही जखमा भीतीच्या नसतात. आपण काहीतरी केलं, किंवा करायला हवं होतं आणि केलं नाही, किंवा नुसतं बघत उभं राहावं लागलं, त्याची ती जखम असते. डॉक्टर तिला नैतिक जखम म्हणतात. तिला ‘विसरा आता’ म्हणून भागत नाही. ‘तुम्ही तर हुकूम पाळलात’ म्हणूनही भागत नाही, हे तुम्ही स्वतःला हजारदा सांगून बघितलं असेल. ती कुणाला तरी पूर्ण सांगावी लागते. घरच्यांना आधी नको, वहिनींना तर इतक्यात नको. त्यांना ती तुमच्यासोबत वाहावी लागेल. एक तर डॉक्टरांना, नाहीतर जो तिथं होता त्याला.

तो कुठं आहे? तुमच्या सेक्शनमधले दहाजण, त्यातले किती राहिले? साताऱ्याकडचा कुणी असेल, कोकणातला कुणी, शिरोळकडच्या सैनिक टाकळीचा कुणी असेलच. तुम्ही पत्रात एकाचंही नाव लिहिलेलं नाही आणि मला ते खटकलं. पलटणीच्या वर्धापनदिनाला जुनी मंडळी जमतात, बऱ्याच बटालियनच्या माजी सैनिकांचे व्हॉट्सअ‍ॅप गट असतात. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करा, टेंबलाई टेकडीवर मराठा लाइट इन्फन्ट्रीचीच टेरिटोरियल आर्मीची बटालियन आहे, तिथंही कुणीतरी कुणालातरी ओळखतो. ४ फेब्रुवारीला, तानाजींनी सिंहगड घेतला त्या दिवशी, रेजिमेंटचा दिवस असतो. त्या निमित्तानं फोन करायला कारण लागणार नाही. एक सापडला की तो बाकीचे शोधून देईल. भेटा, मटण रांधा, तांबडा-पांढरा करा, आणि त्या रात्री त्याला जेवून परत जाऊ देऊ नका. हॉलमध्ये दोन सतरंज्या टाका. मला खरंच बघायचंय त्या रात्री तुम्ही किती झोपता ते.

दिल्लीला राष्ट्रीय युद्ध स्मारक २०१९ ला उघडलं. श्रीलंकेत गेलेल्यांची नावंही तिथल्या ग्रॅनाइटवर कोरलेली आहेत. तुमचा जो तिकडंच राहिला त्याचं नाव हातानं चाचपून बघावंसं वाटेल तेव्हा जा, एकटे नको, त्या सापडलेल्या सोबत्याला घेऊन. श्रीलंकेनंही शांतिसेनेचं स्मारक उभारलंय, कोलंबोजवळ, त्यांच्या संसदेच्या परिसरात. आपल्याकडं हलगी वाजली नाही, आणि ज्यांच्या यादवीत आपण मध्ये पडलो त्यांनी दगड उभा केला. आहे खरं असं.

महिन्याभरानं मला त्या वहीतली नोंद कळवा. किती रात्री, किती वाजता जाग, किती वेळा कडी. आकडे लिहा, ‘बरं वाटतंय’ असं लिहू नका, ते सगळेच लिहितात. आणि आज रात्री दहाला वहिनी कडी लावायला उठल्या की तुम्ही जागेवरून हलू नका. आवाज ऐका, वेळ लिहा, सही करा.